मोठ्या आईचं कपाळ

शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. बहुधा इंटरमिजिएटच्या, म्हणजे चित्रकलेच्या शासकीय परीक्षेला बसणारी मुलंच विचारतात, "बाई, दुःख दाखवायला कोणता रंग घ्यायचा?" कुठल्यातरी गाइडमधला तक्ता त्यांना पाठ असतो. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे आनंद. हा तक्ता मी फळ्यावर कधी लिहून दिला नाही, पण त्याच्या जागी काय सांगायचं तेही नीट शब्दांत धरता येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या आईचं तैलरंगातलं पोर्ट्रेट केलं, तेव्हा बरंच काही हाताशी लागलं. ते इथे रंगांच्या नावांसकट लिहिते आहे, कारण भावना-भावना असं नुसतं बोलत राहिलं तर चित्रकाराच्या उपयोगाचं काहीच उरत नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नागपुरात, महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत राहते. मोठे बाबा एम्प्रेस मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, आणि आता मोठे बाबाही नाहीत. घरात ती एकटी असते. तिच्या चेहऱ्याकडे पाहून 'हा अमुक भाव' असं कोणी सांगू शकणार नाही. ओठ मिटलेले, नजर खिडकीकडे, हातात कापूस. मला तोच चेहरा हवा होता. ओठांचे कोपरे खाली ओढले आणि भुवया मध्ये चढवल्या की दुःखी चेहरा तयार होतो, पण तो मुखवटा असतो. माणसं दिवसाचा बहुतेक वेळ अशीच काही न दाखवता बसलेली असतात, आणि तरी घरातल्यांना कळतं की आज हिचं काहीतरी बिनसलंय. हे जे कळतं, ते डोळे-नाक-ओठांच्या रेषांना हात न लावता रंगातून आणि ब्रशच्या फटकाऱ्यांतून आणता येतं का, हे मला पाहायचं होतं.

तिच्या खोलीला एकच खिडकी, पश्चिमेला. समोरचं घर हाताच्या अंतरावर, आणि त्याची भिंत पोपटी रंगाची. सकाळी साडेनऊ-दहानंतर ऊन आमच्या कौलांवरून पलीकडे पोचतं आणि त्या भिंतीवर पडतं. मग सबंध भिंतच दिवा होते. खोलीत येणारा उजेड हा उन्हाचा उरत नाही, भिंतीचा होतो. दुपारनंतर ऊन थेट आत घुसतं आणि खिडकी बंद करून कुलर लावण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून बैठक सकाळचीच.

पहिल्या दिवशी मी रंग काढलेच नाहीत. नुसती पाहत बसले. खिडकीकडच्या गालावर पोपटी झाक होती, आणि हनुवटीखाली, जिथे अंधार असायला हवा, तिथे लाल कोब्यावरून परतलेली ऊब होती. उजेड थंड, सावली गरम. आपल्याकडच्या उन्हात बाहेर बसलेला माणूस याच्या उलट दिसतो, उजेडाची बाजू पिवळसर गरम आणि सावलीत आकाशाची निळी झाक. बाहेर बसवलं असतं तर मोठी आई मोकळी, अगदी प्रसन्न वाटली असती, एवढा फरक नुसत्या उजेडानं पडतो. आतल्या उजेडात तिची ऊब चेहऱ्याच्या दर्शनी भागातून निघून सावलीत जाऊन बसली होती. हे मला कल्पनेनं काढायची गरजच नव्हती, समोर दिसत होतं. चित्राचा अर्धा भाव तिथेच ठरला.

पॅलेट मुद्दाम लहान ठेवली. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न याच्या नावानं ओळखली जाते ती चार रंगांची: व्हाइट, यलो ओकर म्हणजे मातकट पिवळा, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, आणि आयव्हरी ब्लॅक. त्यात मी तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि अगदी थोडं हिरवं व्हिरिडियन घातलं. निळा रंग बर्डीच्या बाजारातून आणलेल्या पिशवीत होता, पण ट्यूब उघडली नाही. आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा मिसळला की जो करडा होतो, तो ओकर आणि सिएनाच्या शेजारी चक्क निळा वाटतो. ट्यूबमधला कोबाल्ट लावला असता तर निळा रंग दिसला असता. इथे निळा जाणवतो, पण बोट ठेवायला गेलं तर तिथे करडाच असतो. पोर्ट्रेटमध्ये या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

शेजारचा रंग हे काम करतो, हे शास्त्रानं नीट मांडलं ते शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं, १८३९ साली. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं होत, तो रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळं सूत फिकं पडतं अशी तक्रार आली. त्यानं तपासलं तर सुताच्या रंगात खोट नव्हती, शेजारी विणलेल्या रंगांमुळे ते तसं दिसत होतं. मोठ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "हे तर आम्हाले लुगडं घेतानाच कळते. काठ बदलला की पोत बदलते." मिलमधल्या माणसाच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला शेव्रल समजावून सांगावा लागला नाही.

मग त्या तक्त्याचं काय? पिकासोनं १९०१ ते १९०४ या काळात जवळजवळ निळीच चित्रं केली आणि ती उदास आहेत, हे खरं. पण तिथे त्वचा, भिंत, कपडे, आकाश सगळंच एका बाजूला ओढलेलं आहे. ऊब नावालाही सापडत नाही, म्हणून उदासी. व्हॅन गॉगनं १८८८ च्या 'नाइट कॅफे'बद्दल भावाला लिहिलं की माणसाच्या भयंकर वासना लाल आणि हिरव्यातून दाखवायचा मी प्रयत्न केला. म्हणजे त्याच्याही मनात एकटा लाल नव्हता, लाल-हिरव्याचं भांडण होतं. तेच लाल-हिरवं एखाद्या नवरीच्या शालूत आणि चुड्यात असतं आणि डोळे निवतात. त्यामुळे मुलांना मी आता एवढंच सांगते की रंग एकटा विचारू नका, शेजारी कोण आहे ते आधी सांगा.

कॅनव्हास १८ बाय २४ इंचांचा. पहिला थर बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीनं चोळला आणि उजेडाच्या जागा पुसून काढल्या. मे महिन्यातल्या नागपुरात टर्पेंटाइन बघता बघता उडून जातं, त्यामुळे पुसायचं ते तिथल्या तिथे. वरचे थर जवसाच्या तेलात. खाली कमी तेल, वर जास्त, हा नियम पाळला नाही तर पुढे रंगाला भेगा पडतात. बाटली उघडल्याबरोबर मोठी आई म्हणाली, "अवं, हे तर जवसाचं तेल हाय!" मग जवसाची चटणी, घाण्यावरचं तेल, माहेरचं शेत अशा गोष्टी सुरू झाल्या आणि तिचे खांदे सैल पडले. फोटोसाठी बसल्यासारखी ताठ बसलेली बाई रंगवण्यात अर्थ नसतो. म्हणून तिच्या हातात वाती वळायला कापूस दिला होता, पण खरं काम जवसाच्या वासानं केलं.

त्वचेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. व्हिडिओ पाहून शिकणारी मुलं 'स्किन कलर' म्हणून जे गुलाबी मिश्रण बनवतात, ते आपल्या माणसांच्या कामाचं नाही. मोठ्या आईचा रंग गहूवर्णापेक्षा बराच सावळा. सावळ्या त्वचेवर चमक जास्त स्पष्ट दिसते, आणि त्या चमकेत समोर जे असेल त्याचा रंग उतरतो. तिच्या गालाच्या हाडावरची चमक पांढरी नव्हती, तिथे पोपटी भिंतच होती. पांढरा, ओकर आणि सुईच्या टोकावर येईल इतकं व्हिरिडियन. तिनं ते पाहिलं आणि विचारलं, "तोंडाले हिरवं काहून लावून राहिली?" मी म्हटलं, समोरची भिंत तुझ्या गालावर आहे. तिनं आरसा मागितला, खिडकीपाशी धरला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता परत वातींना लागली.

तिच्या कपाळाच्या मधोमध, जिथे जन्मभर कुंकू लागलं, तिथली कातडी नखाएवढ्या जागेत आसपासच्या रंगापेक्षा थोडी फिकट झाली आहे. बऱ्याच बायकांच्या कपाळावर असा डाग असतो, पण तो एरवी कुंकवाखाली झाकलेला असतो. मोठे बाबा गेल्यापासून हिचं कपाळ मोकळं आहे. ही जागा रंगवायची की सोडायची, हे मी कितीतरी दिवस ठरवत नव्हते. सोडली असती तर चेहरा नीटस झाला असता, आणि खोटा.

जशी दिसते तशी, म्हणजे कपाळापेक्षा थोडी उजळ करून मी ती आधी लावून पाहिली. ती टिकलीसारखी वर आली. पाहणाऱ्याची नजर खोलीत शिरल्याबरोबर तिथेच जाणार आणि चित्र मोठ्यानं 'विधवा' म्हणणार, एवढं स्पष्ट दिसत होतं. चिंधीनं पुसली. मग डोळे बारीक करून पाहिलं. चित्रकार टोन तपासताना असंच करतात, पापण्या मिटत आणल्या की रंग मागे हटतात आणि उजेड-अंधाराचा फरक तेवढा उरतो. डोळे बारीक केल्यावर ती जागा दिसेनाशी झाली, कारण कपाळाच्या त्या भागावर खिडकीचा उजेडही तेवढाच होता. डोळे उघडले की पुन्हा दिसू लागली. म्हणजे फरक उजेडाचा नव्हता, रंगाच्या तापमानाचा, म्हणजे ऊब-गारव्याचा होता. कपाळाचं मिश्रण ओकर, व्हाइट, बर्न्ट सिएना आणि चिमूटभर व्हर्मिलियनचं होतं. त्याच टोनचं दुसरं मिश्रण केलं, व्हर्मिलियन काढून टाकलं आणि त्या जागी काळ्या-पांढऱ्याचा करडा घातला. उजळपणा तोच, ऊब काढून घेतलेली.

आता ते लावायचं कशानं? फिल्बर्टनं, म्हणजे गोलसर टोकाच्या चपट्या ब्रशनं लावलं तर फटकाऱ्याला दिशा येते, आणि दिशा आली की तिथे कोणीतरी काहीतरी केलंय असं वाटतं. म्हणून अनामिकेनं लावलं, एकदा टेकवून उचललं. बोटाच्या ठशाला ब्रशसारखा जोर किंवा रोख नसतो. इटलीचा चित्रकार टिशियन म्हातारपणी चित्राच्या शेवटच्या टप्प्यात ब्रशपेक्षा बोटांनी जास्त रंगवत असे, अशी त्याच्या काळापासून चालत आलेली माहिती आहे, आणि ती वाचली तेव्हा मला ती मोठ्या माणसाची लहर वाटली होती. त्या सकाळी तिचं कारण कळलं. आता ते पोर्ट्रेट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो डाग दिसत नाही. ते म्हणतात, कपाळावर काहीतरी आहे, आणि जवळ जातात.

ब्रशच्या कामाबद्दल पुस्तकांत बहुधा जाड रंग आणि पातळ रंग एवढंच येतं. माझ्या मते वेग आणि दिशा जास्त बोलतात. गाल भरताना फटकारे गोलाईवरून आडवे फिरवले की गाल भरीव होतो, मांस आणि हाड असल्याची खात्री पटते. तेच फटकारे वरून खाली ओढले की चेहरा उतरतो, रंग आणि आकार तेच असले तरी. मोठ्या आईच्या बाबतीत मी दोन्ही केलं. कपाळ आणि गालाची हाडं यांवर हॉग हेअरच्या, म्हणजे डुकराच्या राठ केसांच्या चपट्या ब्रशनं आखूड, आडवे, ठाम फटकारे मारले, कारण ही बाई खचलेली नाही. गालाचा पोकळ भाग आणि डोळ्यांखालची जागा यांत मात्र ब्रश खाली ओढला, पुन्हा न घोटता. थकवा तेवढ्याच दोन जागी आहे.

पुन्हा न घोटणं हे सगळ्यात अवघड. हात शिवशिवतो. फटकारा मऊ करावासा वाटतो, आणि मऊ केला की त्यातला तो क्षण निघून जातो. सतराव्या शतकातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराची पोर्ट्रेट्स नुकतीच हललेल्या माणसांसारखी वाटतात, कारण त्याचे फटकारे सुटे राहिले आहेत. रेम्ब्रांटच्या १६६९ मधल्या, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षातल्या आत्मचित्रांत रंग त्वचेसारखाच थरांवर थर साठलेला आहे. आणि नॉर्वेच्या मुंकचं 'सिक चाइल्ड', १८८५-८६ मधलं. त्याची बहीण क्षयानं गेली होती. ते चित्र त्यानं लावलं, खरवडलं, पुन्हा लावलं, आणि ते ओरखडे तसेच ठेवले. मुलीचा चेहरा शांत आहे. विस्कटलेला आहे तो रंगाचा पृष्ठभाग. मला हे फार मोठं वाटतं, की आजाऱ्याला तिचा मान ठेवू दिला आणि आकांत सगळा रंगावर काढला.

ब्रशचं काम न दाखवताही भाव येतो, हेही सांगायला हवं, नाहीतर मुलं उगाच रंगाचे गोळे फासतील. सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' जलरंगात आहे. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. हातात समई धरलेली मुलगी, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि त्या बोटांमधून आरपार आलेला लाल उजेड. फटकारा शोधून सापडत नाही. तिथे सगळी माया बोटांच्या त्या लालीत आहे. अमृता शेरगिलचं १९३५ मधलं 'थ्री गर्ल्स' मी दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाहिलं. तिथेही चेहऱ्यांवर नाट्य नाही. तिघींचे कपडे रंगीत आहेत, पण रंग सपाट आणि दबलेले, नजरा खाली. माझ्या चित्राच्या मागे हे चित्र सतत उभं होतं.

शेवटी राहिले डोळे. डोळ्यांत भाव असतो असं म्हणतात, म्हणून नवशिके तिथेच सगळी धार खर्च करतात. मी सबंध चेहऱ्याच्या कडा सैल ठेवल्या. पलीकडचा गाल मागच्या भिंतीत जवळजवळ मिसळू दिला, केस कोरड्या ब्रशनं नुसते घासले. धारदार कड एकच, डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवरची ओली रेघ. तिथे व्हर्मिलियनमध्ये थोडं बर्न्ट सिएना होतं. पॅलेटवर तो रंग विटकरीच होता. शेजारच्या हिरवट उजेडामुळे तो कॅनव्हासवर लालभडक वाटू लागला.

चित्र पुरं झाल्यावर भावानं पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे, पण किती उदास. थोडे रंग उजळ कर." मोठ्या आईनं चष्मा लावला, खुर्ची जवळ ओढली.

"मी तर रागात दिसून राहिली," ती म्हणाली.

कुठे, असं विचारल्यावर तिनं बोट थेट त्या पापणीच्या रेघेवर नेलं. रंग ओला होता म्हणून मी हात धरला. रेघ उतरवायची असेल तर सोपं होतं, त्यात करडा मिसळून एक फटकारा. मी तसं म्हणालेही.

"राहू दे. राग येतेच मले." कशाचा, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकाला उदासी दिसली, दुसरीला राग, आणि रंग दोघांपुढे तेच होते. यात मला काही बिघडलेलं वाटत नाही. उजेड आणि सावली यांच्यातली ओढाताण मी खरी ठेवली होती, नाव ज्यानं त्यानं दिलं. रेघ तशीच आहे.

काळ्या रंगाच्या जागा आता वाळून निस्तेज दिसू लागल्या आहेत, आयव्हरी ब्लॅकचं हे नेहमीचंच. व्हार्निश लावलं की त्या उघडतील, पण जाड थर आतपर्यंत वाळायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा घाई करायची नाही. वाती वळणारे हात मात्र मी अर्धे सोडले आहेत, नुसत्या सिएनाच्या पातळ थरात. चेहऱ्यावर मी ज्या वेगानं काम केलं त्या वेगानं ते होणार नाहीत, तिची बोटं फार जलद चालतात आणि ब्रशनंही तसंच चालायला हवं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बसायचं ठरलं आहे. तेव्हा ऊन दक्षिणेकडून तिरपं येईल, भिंतीवरचा उजेड कमी असेल. शिवाय समोरच्यांनी भिंत नव्यानं रंगवायला काढली आहे, असं मोठी आई फोनवर सांगत होती. कोणता रंग ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. ते कळलं की हातांसाठी पॅलेट लावता येईल.